लाल गाडी आणि दोन बोटं

परवा जळगावला शेडमधली जुनी लाल गाडी धुवायला बाहेर काढली. मुलगी पाईप घेऊन गाडीभोवती एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "पप्पा, ही मागून एवढी वर का आहे?"

आता काय सांगणार... तीस वर्षांत याचं खरं उत्तर मी कुणालाच दिलेलं नव्हतं. घ्या, आज तुम्हालाही देऊन टाकतो.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. मी तेव्हा चोवीस वर्षांचा आणि डोक्यात नुसती हवा. मुंबईहून एक सेकंडहँड दोन दारांची गाडी आणली होती. मी तिला स्पोर्ट्स कार म्हणायचो... बाकी कुणी म्हणत नव्हतं, तो भाग वेगळा.

आबा, म्हणजे माझे वडील, केळीवाले शेतकरी. त्यांनी गाडी एकदा बघितली, दारं मोजली आणि निकाल दिला. "दिवाळीपर्यंत ठेव. घरच्या कामाला आली तर राहील, नाहीतर विकायची." आबांचा शब्द म्हणजे शब्द. तिथे अपील नव्हतं.

आणि मला वेड लागलं होतं गाडी खाली घ्यायचं. एका इंग्रजी मासिकात फोटो पाहिला होता... टायर आणि मडगार्डच्या मध्ये जेमतेम दोन बोटं जागा. माझ्या गाडीला पाच बोटं होती. त्या तीन बोटांपायी माझी झोप उडाली होती.

धुळ्याला हायवेवर सुपडू मिस्त्री म्हणून एकजण होते. त्यांच्याकडे तऱ्हेतऱ्हेचे स्प्रिंग मिळतात असं कळलं. एका सकाळी गुपचूप निघायचं ठरवलं.

पण आपल्याकडे गुपचूप निघणं जमतं का कुणाला? धुळ्याला गाडी चाललीय म्हटल्यावर आई म्हणाली, पुढे सोनगीरलाच जाऊन येऊ, आत्याकडे किती दिवसांत गेलो नाही. मग आबाही टोपी घालून तयार. मग केळीचे दोन घड, भरताच्या वांग्यांची पिशवी, दादर ज्वारीचं अर्धं पोतं आणि पापडाचा डबा. डबा डिकीत मावेना म्हणून आईच्या मांडीवर. मी म्हटलं, "स्प्रिंग जरा नरम झालेत, वाटेत बदलून घेऊ." एवढंच सांगितलं.

सुपडू मिस्त्री म्हणजे आयुष्यभर ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली झोपलेला माणूस. मी हळूच मासिकातला फोटो दाखवला. त्यांनी फोटो बघितला, मग माझ्या मागच्या टायरवर बोटं ठेवली. "मंग, दोन बोटे शेतसच ना."

होतीच! आबा, आई आणि अर्धं शेत आत बसल्यावर दुसरं काय होणार.

त्यांनी दोन जोड्या समोर ठेवल्या. एक बुटकी, बारीक तारेची. तीच मला हवी होती, बघताक्षणी जीव जडला. दुसरी उंच, चांगली जास्त वेढ्यांची. मग मिस्त्रींनी सरळ मुद्द्याला हात घातला, तोही मोठ्याने. "भाऊ, गाडी भरीसन चालाडशात का रिकामी?"

खिडकीतून आबांनी मान वळवली. माझ्याकडे बघत राहिले. दिवाळी तीन आठवड्यांवर होती...

मी म्हणालो, "भरून."

मिस्त्री खूश. बुटकी जोडी उचलून कोपऱ्यात टाकली. भरलेल्या गाडीवर खडूने खूण केली, मगच सगळ्यांना उतरवलं आणि उंच स्प्रिंग बसवले. पुन्हा सगळे आत बसले, सामान आत गेलं, आणि बोटं लावली तर बरोबर दोन. हुबेहूब फोटोतल्यासारखी. मलाही वाटलं, चला, निभावलं.

सोनगीरला आत्याच्या दारात सामान उतरवलं. एकेक घड खाली येत गेला तशी गाडी मागून वर यायला लागली. शेवटी आई उतरली आणि गाडी सात बोटांवर जाऊन थांबली. होती त्याहून दोन बोटं वर! खाली घ्यायला गेलो आणि गाडी मागून उंट झाली. मी तिथेच ओट्यावर बसलो. खरं सांगतो, रडू येत होतं.

आत्याने येताना सोनगीरची पितळी भांडी दिली... दोन हंडे, एक घागर, वर परातही. गाडी पुन्हा बसली दोन बोटांवर. जळगावात शिरताना चौकात माझी मित्रमंडळी उभी होती. गाडी बघून एकजण शिट्टी मारत म्हणाला, "काय भारी दिसतेय रे!" मागच्या काचेतून आई परात धरून त्यांच्याकडे बघून हसत होती.

आणि मला त्या क्षणी अक्कल आली. गाडी स्पोर्ट्स दिसायला हवी, तर आई-आबा आत हवेत.

मग काय... दर रविवारी मी विचारायचो, "आबा, येता का चक्कर मारायला?" आई सोबत, डिकीत एक घड. जामनेर रोड म्हणू नका, बाजार म्हणू नका, सगळीकडे. आबा गावभर सांगत सुटले की मुलगा आम्हाला सोडून कुठे जात नाही. दिवाळी आली, गेली, गाडी विकायचा विषय निघाला नाही. मी दिखाव्यासाठी न्यायचो हे त्यांना कधी कळलं नाही. आणि नेता नेता मला त्यांच्यासोबत फिरणं कधी आवडायला लागलं, ते मलाही कळलं नाही.

आता दोघंही नाहीत. गाडी शेडमध्ये उंच उभी असते.

परवा मुलीला हे सगळं सांगितलं तर ती तशीच ओल्या पायांनी मागे जाऊन बसली. बायकोला हाक मारून पुढे बसवलं. डिकीत केळीचा घड ठेवला आणि मी खाली वाकून बोटं लावली.

तीन.

खूप प्रयत्न केला, शेजाऱ्यांचा गव्हाचा कट्टाही मागून आणला... पण एक बोट काही भरलं नाही. आबा, तुमचं वजन होतं हो गाडीत.