थर्मामीटर

मे महिन्यातला रविवार, बुऱ्हाणपूरचा राजघाट. हजर: मी, माझे यजमान, सासूबाई आणि जैनाबादहून आलेला फ्रिजवाला.

आमच्या प्रवासाच्या व्हॅनमधला फ्रिज गार होईना आणि सासूबाईंचं इन्सुलिन त्यातच होतं. ते मी गार पाण्याच्या थर्मासमध्ये हलवलं. फ्यूज, बॅटरी, वायर तपासून झाल्या होत्या. फ्रिजवाल्याने फ्रिजच्या पाठीवर तळहात ठेवला, डोळे मिटले.

"मशीन चालू आहे ताई, पण गॅस पूरा गेला. बदलूनच टाका."

दुपारपर्यंत नवा फ्रिज बसला. मी बटण थेट शेवटपर्यंत फिरवलं. त्याने ते हळूच मागे आणलं. एरवी तो केळी पिकवण्याच्या थंड खोल्यांची मशीनं सांभाळायचा.

"जास्त थंडीनं केळं काळं पडतं, औषधबी खराब होईल. गार कोणीबी करतं ताई, थांबता आलं पाहिजे."

"ऐकलंस ना गं?" सासूबाई मला म्हणाल्या. "हे फ्रिजपेक्षा तुलाच लागू आहे."

तो मान खाली घालून हसला आणि स्वतःचा थर्मामीटर नव्या फ्रिजमध्ये, परत आत ठेवलेल्या इन्सुलिनशेजारी ठेवून गेला. "रातभर राहू द्या. सकाळी पाच डिग्री दिसले, की बिनधास्त निघा."

सकाळी पाचच दिसले. आम्ही बिनधास्त निघालो. थर्मामीटर अजून त्याच जागी आहे. जैनाबादला पोचवायचा राहिला आहे.