विंगेतल्या काकांची खोली

जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडी शब्द घालणाऱ्या विंगेतल्या काकांना स्वतःसाठी भाड्याची खोली मागताना मात्र जीभ रेटत नसे. नाटक कंपनीत ते प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं आणि नट अडखळला की पुढचं वाक्य हलकेच पुरवायचं. भल्याभल्यांची अब्रू त्यांनी राखली. टाळ्या अर्थात भल्याभल्यांनी नेल्या.

आता राहती इमारत पाडायला निघाली होती आणि शहरातली भाडी आभाळाला टेकली होती. एजंट हसून म्हणाला, "काका, एवढ्या पैशांत जिना मिळेल. तोही अर्धा." मेहुण्याचं, म्हणजे काकूंच्या भावाचं, घर लहान. तो आपल्या ताईला ठेवून घ्यायला तयार होता, काकांनी मात्र आपली सोय आपण बघायची होती. म्हणजे खोली मिळाली नाही, तर म्हातारपणी दोघांची ताटातूट.

काकूंना अलीकडे विसर पडे. एकदा गॅसचं बटण फिरवून त्या काडी ओढायलाच विसरल्या. शेजारणीला वास आला म्हणून निभावलं. असल्या बाईला खोली कोण देणार? काकांनी घरी तालीमच घेतली. मी मागे उभा राहीन, मी बोलेन तेवढंच तू म्हणायचं. काकूंनी शहाण्या मुलीसारखी मान डोलावली.

अखेर परवडेल अशी एक खोली सापडली. भिंतींना ओल होती, मोरी दाराशीच होती, पण खिडकीतून ऊन येत होतं. मालकीणबाई खालीच राहत. घर बाईच्या हातात असतं, तेव्हा मी काकूंशीच बोलणार, असं म्हणून त्यांनी काकूंना खुर्ची दिली. काका खिडकीची कडी तपासायच्या मिषाने खुर्चीमागे जाऊन उभे राहिले.

दिवसभर घरी कोण असतं, असं बाईंनी विचारलं. मागून कुजबुज आली आणि काकू म्हणाल्या, मी असते की. जुनं घर का सोडताय? पाडतायत हो. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. मग बाईंनी विचारलं, "स्वयंपाक अजून तुम्हीच करता?"

काकूंचा चेहरा उजळला. आता ही आपल्या मनाने बोलणार, हे काकांनी ओळखलं. घाईघाईने त्यांनी कुजबुजत दटावलं आणि काकूंनी तेही खणखणीत आवाजात म्हणून टाकलं.

"गॅसचं काढू नकोस."

काकांचा हात कडीवरच राहिला.

बाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी काकूंना पाणी दिलं, मग काकांना दाराबाहेर बोलावून त्या हळूच म्हणाल्या, "काका, खाली माझ्या लेकीची पोरं झोपतात हो."

काकांनी आत जाऊन काकूंना हाताला धरून उठवलं.

जिना उतरताना काकूंनी विचारलं, "बरोबर म्हटलं ना मी?"

"एक अक्षर चुकलं नाही तुझं," काका म्हणाले.

कोपऱ्यावर तिला बाकावर बसवून, चार पावलं बाजूला होऊन त्यांनी मेहुण्याला फोन लावला. ताईला उद्या आणून सोडतो म्हणाले. तिला चहा कोमट लागतो, दिवा घालवला की ती घाबरते, हेही सांगितलं. तुमचं काय, असं मेहुण्याने विचारलं, ते त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

"आणखी एक. तिचा शब्द अडला तर लगेच पुरवू नका. जरा थांबा. पुष्कळदा येतो तिचा तिला."