शिकणाऱ्याशी बोलू नये

एम.ए.चा प्रबंध मी धानोऱ्याला, आमच्या घराच्या माडीवर बसून लिहिला. त्या साडेतीन महिन्यांत गावातलं कुणीही माझ्याशी धड चार वाक्यं बोललं नाही. वाळीत टाकलं होतं म्हणावं, तर तसं नव्हतं. उलट साऱ्या गावाने मला डोक्यावर घेतलं होतं, आणि तिथून मला खाली उतरता येत नव्हतं.

मुंबईला आमच्या प्राध्यापकांच्या घरी दर शनिवारी दुपारी चहा असायचा. एम.ए.ची आम्ही सात-आठ मुलं, कुणी कोकणातलं, कुणी कर्नाटकातलं, दोघं गुजराती. प्रत्येकाने आठवड्यात लिहिलेली दोन पानं वाचायची आणि बाकीच्यांनी त्यांच्या चिंध्या करायच्या, असा शिरस्ता होता. मग प्राध्यापकांच्या पत्नी पोहे आणायच्या आणि पोहे आल्यावर प्रबंधाचं नाव काढायला बंदी. "एकट्याने लिहिलेलं एकट्यालाच पटतं," असं प्राध्यापक नेहमी म्हणत. मला पहिले सहा महिने तिथे तोंड उघडायची भीती वाटे. बोललो की अहिराणी डोकावायची आणि कोकणातला हसायचा. पण पुढे मीही हसू लागलो. त्या शहरात माझं कुणी होतं तर ते शनिवारच्या दुपारीच.

टर्म संपल्या, वसतिगृहातली खोली सोडावी लागली. प्रबंध जूनमध्ये द्यायचा होता. विषय आमच्याच गावांचा होता: तापीकाठच्या शेतकरी घरांतले सण आणि नात्यांच्या रीती. मग घरी जाऊन लिहिण्यासारखं दुसरं सुख कोणतं? सुरतेवरून नंदुरबारची गाडी धरली तेव्हा मला वाटलं, एकटेपण संपलं.

पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एक चूक झाली. माडीच्या खिडकीखाली पोरं विटीदांडू खेळत होती. माझं एक पान काही केल्या जमत नव्हतं, तो राग मी त्यांच्यावर काढला. खिडकीतून डोकं काढून ओरडलो, "गप बसा रे! लिहू देता की नाही?" तेही पुस्तकी मराठीत. एकदाच ओरडलो, पण गावाला तेवढं पुरलं. संध्याकाळी पारावर मंडळी बसली आणि ठराव झाला. पाटील म्हणाले, "त्याना संगे कोणी बोलानं नही. बोलं का त्यान्ही ईद्या उडी जाई."

नवरात्रात घटाजवळ बसलेल्या माणसाशी जसं वागतात, तसं गाव माझ्याशी वागू लागलं. समोरच्या काकांनी बैलांच्या गळ्यातल्या घंटा सोडून ठेवल्या. पोरांची विटी पार नदीच्या अंगाला गेली. आई जिन्याच्या वरच्या पायरीवर ताट ठेवायची, पदराने झाकायची आणि मांजरीच्या पावलांनी उतरायची. वडील खाली वावरताना खोकलासुद्धा दाबत. मी कंटाळून पारावर गेलो, की बसलेली माणसं उठायची. "जाय भाऊ, तू वाच. आम्ही जातस," म्हणायची आणि खरंच जायची. माझ्या बरोबरीचे, ज्यांच्याबरोबर मी बोरं चोरली, तेही धोतर झटकून उभे राहायचे.

मी सरळ सांगायला हवं होतं की बाबांनो, बसा, मला माणसं हवीत. नाही सांगितलं. खरं बोलायचं तर त्यांचं ते उठून उभं राहणं मला आवडतही होतं. गावातला पहिला बी.ए. होतो, आणि आता तर एम.ए.! मान मिळत होता आणि जीव कोमेजत होता, दोन्ही एकदमच. दर शनिवारी दुपारी मी दोन पानं घेऊन भिंतीला मोठ्याने वाचून दाखवी. भिंत कधीच चिंध्या करीत नसे.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आमच्याकडे आखाजी म्हणजे लेकींचा सण. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, गौराई मांडतात, कडुलिंबाला झोके बांधतात आणि झोक्यावर गाणी म्हणतात. माझी धाकटी बहीण तापीपलीकडे खापरला दिली होती. ती गावातली सर्वांत चांगली गाणारी. शाळा तिला मिळाली नाही, पण लहानपणी माझे पाढे ती बाहेरून ऐकून माझ्याआधी पाठ करायची. प्रबंधातलं आखाजीचं प्रकरण मी मुद्दाम तिच्यासाठी मागे ठेवलं होतं. ती येईल, जिन्यावर धपधप पावलं वाजवत वर येईल, गावाचा ठराव गेला खड्ड्यात म्हणेल आणि गाणी सांगेल. मी दिवस मोजत होतो. तिच्याशी बोलायला मिळालं तर उरलेलं लिहून होईल, नाही तर सगळं गुंडाळून ठेवायचं, इतक्या थराला माझं मन आलं होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी आमच्या दारच्या लिंबाला झोका बांधला गेला नाही. गाणी ऐकू आली ती गावाच्या दुसऱ्या टोकाकडून, वाऱ्याबरोबर, अर्धीमुर्धी. आईने ताट ठेवलं तेव्हा मी विचारलं, "बहीण उनी का?"

आई म्हणाली, "तू तुन्हं लिखनं आवर पहिले, भाऊ. बाकीनं आम्ही देखी लेसूत." आणि उतरली.

मी समजलो, आली नाही. भयंकर राग आला. सासरी रमली, भाऊ आठवत नाही, असं मनातल्या मनात खूप बोललो. त्या रागातच आखाजीचं प्रकरण आठवेल तसं चार दिवसांत लिहून काढलं. ताटात सांजोऱ्या येत होत्या. त्यांच्या कडेची मुरड बारीक, दोरीच्या पिळासारखी होती. माझी आई कड नुसती दाबते; तशी मुरड आमच्या घरात एकाच माणसाला घालता यायची. घराघरांतल्या रीतींवर प्रबंध लिहिणारा मी त्या सांजोऱ्या खात खात लिहीत होतो आणि माझ्या काही लक्षात आलं नाही.

जूनमध्ये प्रबंध दिला. काही महिन्यांनी पास झाल्याची तार आली. गावाचं तोंड तेव्हा उघडलं. नंदुरबारहून वाजंत्री आणली, हार घातले, सगळे एकदम बोलू लागले, इतके की मला उत्तरं सुचेनात. घंटा सोडून ठेवणारे काका त्या गडबडीत म्हणाले, "आखाजीले तुन्ही बहीण चार दिन व्हती. पन तिनीबी तुले त्रास नही दिन्हा. शहानी पोर!" ते कौतुकानेच म्हणाले. माझ्या गळ्यात हार होता आणि मला तो काढावासा वाटला.

दिवाळी झाल्यावर मी प्रबंधाची बांधलेली प्रत घेऊन खापरला गेलो. तापी ओलांडली तेव्हापासून तिला काय काय बोलायचं ते जुळवत होतो. ती ओसरीवर तूर निवडत होती. मला पाहून हसली, पाणी दिलं. मी एकदम विचारलं, "चार दिन व्हतीस, तर मले हाक का नही मारी?"

"तू लिखी ऱ्हायंता ना," ती म्हणाली. "मी रोज दुपारले जिनावर येईसन बसू. तुन्हा बोरूना आवाज ये. तू मधमाच कोनसंगे तरी मोठ्याने बोले. मले वाटे, वर कोनी शे."

वर कुणी नव्हतं, हे मी तिला सांगितलं.  सुपातली तूर तिने दोनदा पाखडली. मग प्रतीकडे बोट दाखवून म्हणाली, "आमनं काय लिखं रे भाऊ? वाची दखाड."

प्रबंध इंग्रजीत होता. मी आखाजीचं प्रकरण उघडलं आणि एकेक वाक्य अहिराणीत करून सांगू लागलो. दुसऱ्याच परिच्छेदात ते वाक्य आलं. परीक्षकांनी त्याच्याखाली पसंतीची रेघ ओढली होती. आखाजीला बहीण आपल्या पायांनी माहेरी येत नाही. तिला आणायला मुऱ्हाळी जावा लागतो, आणि सख्खा भाऊ असताना दुसऱ्याने मुऱ्हाळी जाणं ही रीत नाही.

इंग्रजीत लिहिताना तो भाऊ कुणीतरी एक भाऊ होता. अहिराणीत तिला सांगितलं आणि तो भाऊ मी झालो. ती येईल, ती येईल म्हणून मी माडीवर बसून रुसलो होतो. तिला आणायला जायचं होतं मी. चार दिवस तेच लिहीत होतो, तरी मला ते आठवलं नव्हतं.

"मुऱ्हाळी कोण उनंता?" मी विचारलं.

"काकाना पोऱ्या. मी गाठोडं बांधीसन सकायपासून दारमा बशेल व्हतू. गाडी दखाई, मी उठनू. त्यामा तू नही व्हता." एवढं बोलून तिने सूप खाली ठेवलं. "पन बरोबर लिखेल शे रे भाऊ. रीत तशीच शे."

ती उठून चुलीकडे गेली. मी ओसरीवर प्रत मिटून बसलो. मला रडू आलं. तिच्या सासूने पाहिलं आणि शिकून माणूस हळवा होतो, असं काहीतरी म्हणाली.

पुढल्या आखाजीला, आणि त्यानंतरच्या प्रत्येक आखाजीला, मुऱ्हाळी मीच गेलो. नोकरी लागली तरी रजा काढून गेलो. ती गाडीत बसून गाणी म्हणायची, बैल हाकणाऱ्याशी भांडायची, वाटेत चिंचा पाडायला लावायची. पण घरी पोचलो आणि मी माझ्या खोलीत शिरलो, की तिचा आवाज बदलायचा. मी दाढी करत असलो, नुसता बसून सुपारी कातरत असलो, तरी ती जिन्यावर पाय न वाजवता यायची, उंबऱ्याबाहेर थांबायची आणि हळूच विचारायची, "लिखी ऱ्हायना का, भाऊ?"

"नही व माय, ये, बस," मी म्हणायचो.

ती बसायची. पण उंबऱ्यावरच.