साहेबांची उत्तरं

साहेबांना कुणी काही विचारलं की उत्तर ताईकडून यायचं. चहात साखर किती, नवा बूट चावतो का, खिडकी लावू का, सगळं ताईच सांगायची आणि साहेब मान डोलवून अनुमोदन द्यायचे. चाळिशी उलटलेला, अंगापिंडाने थोराड माणूस, पण बहिणीशेजारी बसला की आपसूक तिच्याकडे कलायचा.

‘साहेब’ हे नाव हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातलं. तिथे वाफेने जीव नकोसा झालेले बाकीचे लोक बाह्या सारून काम करायचे आणि हे महाशय गळ्यापर्यंत बटणं लावून, शर्ट नीट खोचून चादरींच्या घड्या घालायचे. नाव थट्टेने पडलं, पण बोलवता बोलवता त्यात आदर मिसळत गेला. शर्ट अर्थातच ताईच्या हातचा. ती घरी कपडे दुरुस्त करायची. उसवलेलं शिवणं, चेन बदलणं, पॅंट आखूड करणं. टाचायला घेतलं की टाचण्या ओठांत धरायची. तिचे यजमान हयात होते तेव्हा म्हणायचे, "टाचण्या आहेत म्हणून या घराला थोडी उसंत मिळते."

साहेब लहानपणी शाळेत गेले होते. अक्षरं त्यांच्याशी कधी बोललीच नाहीत. दोन आकड्यांची बेरीज सकाळी यायची आणि दुपारी पुसून जायची. गुरुजींनी शेवटच्या बाकावर बसवलं, मग बाकावरून घरी. आई जाताना ताईला एवढंच म्हणाली होती, "त्याचं बोट सोडू नकोस. आणि कुणाला त्याला खुळा म्हणू देऊ नकोस." ताईने दोन्ही गोष्टी जिवापाड सांभाळल्या. कुणी तसं म्हणण्याआधीच ती मध्ये पडायची. भाजीवाल्याने हिशेब विचारला तर ती पुढे, पाहुण्यांनी वय विचारलं तरी ती पुढे.

धुलाईखान्यात मात्र ती नव्हती आणि तिथेच घोळ झाला.

जुन्या मशीनला एकच खटका होता. वर केला की सुरू, खाली केला की बंद. साहेबांनी त्याच्याशी वर्षानुवर्षं संसार केला. मग नवं मशीन आलं, काचेच्या पडद्याचं. चादरी असतील तर इथे बोट लावा, डॉक्टरांचे गाऊन असतील तर तिथे, ब्लँकेटं आणखी कुठे. साहेबांनी सगळ्यात वरचं एक ठिकाण पकडलं आणि कपडा कुठलाही असो, तिथेच बोट लावलं. उकळत्या पाण्यात लोकरीची ब्लँकेटं आटून रुमालाएवढी झाली.

मुकादमाने ताईला बोलावून घेतलं. फाटक्या तोंडाचा, पण मनाने वाईट नव्हता.

"ही बघा तुमच्या भावाची करामत," एक ब्लँकेट तिच्यासमोर धरून तो म्हणाला. "आता बाळंतिणींच्या वॉर्डातच द्यावी लागतील. बाळांच्या मापाची झालीत."

"मशीन नवीन आहे, शिकेल तो," ताई म्हणाली.

"सगळ्यांनी शिकवून झालं, ताई. ते हो म्हणतात आणि पुन्हा तेच करतात. मुद्दाम करतात का जमत नाही, मला कळू द्या. जमत नसेल तर वरच्यांना सांगून सोय करता येते, जोडीला माणूस देता येतो. पण तसं कुणा जाणकाराने म्हणायला हवं. आणि मुद्दाम करत असतील तर माझा इलाज नाही. पुढच्या महिन्यापासून बसतील घरी."

जाणकार हॉस्पिटलातच होत्या. शिकण्यातली अडचण लहानपणी कुणाच्या लक्षात आली नाही आणि मग तशीच झाकली गेली, अशा मोठ्या माणसांवर एक बाई संशोधन करत होत्या. अशी माणसं ओळखायची कशी आणि ओळखल्यावर त्यांना हात कसा द्यायचा, हा त्यांचा विषय. साहेबांनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव ठेवलं: प्रश्नवाल्या बाई.

मुकादमाच्या सांगण्यावरून त्या घरी आल्या. आधी साहेबांनाच विचारलं, "मी तुम्हाला थोडे प्रश्न विचारले तर चालेल ना? कंटाळा आला तर नाही म्हणायचं."

"चालेल की, त्याला आवडतं," ताई म्हणाली.

बाईंनी पुठ्ठ्याचं घड्याळ काढलं, चित्रं काढली. बसमधून चुकीच्या थांब्यावर उतरलात तर काय कराल? नळ वाहायला लागला तर? ही चित्रं कुठल्या क्रमाने लागतील? ताई शिलाई मशीनवर बसल्या बसल्या शिवत होती आणि उत्तरं देत होती. तासाभराने बाईंनी पेन खाली ठेवलं.

"ताई, रागावू नका. यातली निम्मी उत्तरं तुमची आहेत. पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये पहिल्यापासून बसू, आणि खोलीत फक्त हे. यात पास-नापास काही नाही बरं का. कुठे अडतं एवढंच मला बघायचंय."

पास-नापास नाही, असं म्हणणाऱ्यांवर ताईचा विश्वास नव्हता. गुरुजीही असंच म्हणाले होते. मुकादमाने सोयीचं जे सांगितलं ते तिच्या एका कानातून गेलं. दुसऱ्या कानात एकच गोष्ट अडकून बसली: आपला भाऊ खुळा आहे हे कागदावर येणार. तिने कंबर कसली. सगळे प्रश्न तिच्या डोक्यात होतेच. सकाळी दात घासताना, जेवताना, बटण लावताना तिने घोकंपट्टी सुरू केली.

"चुकीच्या थांब्यावर उतरलास, राजा. काय करशील?"

"घाबरायचं नाही. कंडक्टरला विचारायचं."

"नळ वाहतोय."

"कंडक्टरला विचारायचं."

"अरे देवा. नळाला कुठला कंडक्टर? आधी मुख्य नळ बंद करायचा."

साहेब हसायचे आणि पुन्हा म्हणायचे. ताईसाठी त्यांनी याहून कठीण गोष्टी केल्या होत्या.

ठरल्या दिवशी ते आत गेले आणि बाहेर आले ते कपाळाचा घाम पुसत, लग्नातल्या नवरदेवासारखे. बाईही खूश दिसल्या. "रोजचं सगळं बऱ्यापैकी सांभाळतात हे. आमच्या अभ्यासात घ्यावं असं काही दिसत नाही." ताईला वाटलं आई कुठूनतरी बघत असेल. घरी येऊन तिने शिरा केला.

दोन दिवसांनी मुकादमाने ताईला पुन्हा धुलाईखान्यात बोलावून घेतलं. या वेळी तो थट्टा करत नव्हता.

"पास झाले म्हणे साहेब. म्हणजे डोकं चालतं, हात चालवायचे नाहीत. मी त्यांची बाजू घेत होतो, ताई. आता मी कुठल्या तोंडाने बोलू?"

साहेब कोपऱ्यात चादरीची घडी घालत होते. कडेला कड लावत, तळहाताने सुरकुती काढत. आपल्याबद्दल चाललंय हे त्यांना कळत होतं, आणि काय चाललंय ते कळत नव्हतं. ताईला उमगलं, आपण भावाला वाचवायला गेलो आणि आपल्याच हाताने त्याला कामचुकार ठरवून आलो. ती तशीच तडक प्रश्नवाल्या बाईंच्या खोलीवर गेली.

"उत्तरं याही वेळी माझीच होती," ती दारातूनच म्हणाली. "मी पाठ करून घेतली त्याच्याकडून."

बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. "घड्याळ दाखवलं तेव्हा ते कंडक्टरला विचारेन म्हणाले होते. मग स्वतःच जीभ चावली. मला खटकलं होतं, पण मी पुढे गेले. तेच प्रश्न पुन्हा विचारले ही माझी चूक, ताई. तुमची एकटीची नाही."

"त्याला खुळा म्हणाल?"

"नाही. त्यांना काय अवघड जातं ते म्हणेन. ते कुणी म्हटलंच नाही म्हणून तुम्हाला दोघांनाही इतकी वर्षं एवढे कष्ट पडले."

त्याच दिवशी साहेबांना पुन्हा बोलावलं. त्यांना विचारून दार थोडं उघडं ठेवलं होतं. ताई बाहेर बाकावर. ना चित्रं, ना घड्याळ. बाईंनी साधंच विचारलं, "कामावर तुम्हाला काय अवघड जातं?"

हा प्रश्न घोकंपट्टीत नव्हता. ताईच्या जिभेवर चार उत्तरं येऊन गेली. तिने पदर तोंडात धरला.

"काच," साहेब म्हणाले. "सगळे शिकवतात तेव्हा कळतं. ते गेले की जातं. मग मी वरचं दाबतो. वरचं दाबलं की मशीन चालू होतं, आणि कुणी ओरडत नाही. लगेच नाही ओरडत." थोडं थांबून ते म्हणाले, "ताईला सांगू नका. तिला वाटतं मला येतं."

ताई बाकावर बसून राहिली. ती भावाचं जगापासून झाकत होती आणि भाऊ तिच्यापासून.

पुढचं काम झटपट झालं असं नाही. बाईंनी नव्याने तपासणी केली, वेगळे प्रश्न घेऊन. मग त्या धुलाईखान्यात येऊन साहेबांबरोबर उभ्या राहिल्या. काचेवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या आणि कपड्यांच्या पिशव्यांना त्याच रंगांचे तुकडे ताईने शिवून दिले. चार रंगांनी साहेब पार गोंधळले. एक दिवस तर मशीनसमोरून हललेच नाहीत. मग साहेबच म्हणाले की दोनच ठेवा, चादरींचा आणि गाऊनचा, ब्लँकेटं दुसऱ्या कुणाला द्या. मुकादमाने ब्लँकेटं स्वतःकडे घेतली. "साहेबांचा हुकूम," तो म्हणाला, आणि पुढच्या महिन्याच्या हजेरीपटावर त्यांचं नाव राहिलं.

काही आठवड्यांनी बाई कसं चाललंय ते विचारायला घरी आल्या. ताईने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि शिलाई मशीनपाशी जाऊन बसली. समोर टाचायला घेतलेलं काहीच नव्हतं. तरी तिने डबी उघडली.

"काय साहेब," बाई म्हणाल्या, "जमतंय का आता?"

साहेबांनी सवयीने ताईकडे बघितलं. तिने टाचण्या ओठांत धरल्या होत्या, एक नाही, चांगल्या मूठभर. ती खांदे उडवून नुसती बघत राहिली.

साहेबांनी गळ्याचं बटण चाचपलं.

"चादरी जमतात," साहेब सावकाश म्हणाले. "गाऊन कधी कधी. आणि हा शर्ट गळ्याला आवळतो, पण तिला कसं सांगणार?"