कड्यावरची दोरवाली

गावात तिला सगळे दोरवाली म्हणत. तिथला किनारा म्हणजे नुसते उभे काळे कडे. होडी लावायला जागा नाही, पेरायला माती नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसं कमरेला दोर बांधून खाली उतरायची आणि लाटांच्या तोंडातून शिंपले खरवडून आणायची. नवरा खाली, बायको वर. दोर लोखंडी खुंटीला पक्का असला, तरी कधी ढील द्यायची आणि कधी ताणायचं हे वरचा हात ठरवायचा.

तिचा नवरा चारचौघांत म्हणायचा, "घरात माझं काही चालत नाही म्हणून कड्यावर जावं, तर तिथंही हीच मला नाचवते!" ती गालातल्या गालात हसायची. माणूस थट्टेखोर, पण दोराच्या बाबतीत भलता काटेकोर. रोज संध्याकाळी अंगणात बसून तो सगळा दोर बोटांखालून काढायचा. एखादा धागा सुटलेला दिसला तरी त्याला घास गोड लागत नसे.

कड्याची कड मात्र सुरीसारखी होती. दोर तिच्यावर घासू नये म्हणून खाली जुनं गोणपाट घडी करून घालायचं. हे काम तिचं.

एका हिवाळ्यात ती तापानं फणफणली. धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, तुम्ही पडून राहा. आज दादाचा दोर मी धरतो." तिला काहीतरी सांगायचं होतं, पण जीभ जड झाली होती. डोळा लागला तो बाहेरच्या आरडाओरड्यानंच उघडला.

दोर तुटला होता. नवऱ्याला शेजारच्या खाडीतून उचलून आणलं, तेव्हा ती भिंतीला धरून बाहेर आली आणि त्याच्या ओल्या केसांतली वाळू काढत बसली. कुणी उठवलं तरी उठेना.

सगळं उरकल्यावर घर झाडताना तिला दाराआड गोणपाट दिसलं. कोरडं ठणठणीत, तिनंच घातलेली घडी तशीच. तिनं ते उचललं आणि पेटीत कपड्यांखाली दडपलं.

दिरानं अन्नपाणी टाकलं होतं. तो दिवसभर परसात भिंतीकडे तोंड करून बसायचा. सासूबाई ताट घेऊन जायच्या आणि तसंच परत आणायच्या. "एक तर गेला," त्या सुनेला म्हणाल्या, "आता हाही हातचा जाणार गं."

शेवटी एका दुपारी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली.

"वहिनी, एक विचारू? मी गोणपाट घातलं होतं का हो? किती आठवून पाहतोय, आठवतच नाही."

तिच्या मनात आलं, सांगून टाकावं. ओरडून सांगावं. ती भाकरी थापत राहिली.

"घातलं होतं, भावजी. मीच नंतर उचलून आणलं."

"मग दोर कसा तुटला?"

"दोर जुना झाला होता. नवा घ्या म्हणून कितीदा कानीकपाळी ओरडले. ऐकायचे का कुणाचं?"

तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. त्या दिवशी तो जेवला.

तो गेल्यावर तिनं पेटीतलं गोणपाट काढून चुलीत सारलं. मागं सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी ते ओळखलं. त्या खाली बसल्या आणि फुंकणीनं जाळ फुंकायला लागल्या. धुरानं दोघींचे डोळे गळत राहिले.

दीर सावरला. लग्न झालं, मुलं झाली. दोरवाली पुन्हा कड्यावर गेली नाही. खाडीपलीकडच्या बंदरावर मासळीच्या शेडमध्ये मासे निवडायच्या कामाला लागली. पण तिची गोष्ट आता गावाची झाली होती. दीर पोरांना समजवायचा, "दादा माणूस सोन्यासारखा, पण दोराकडे त्यानं कधी लक्ष दिलं नाही." शेडमधल्या बायकाही तेच म्हणायच्या. ती मान खाली घालून मासे निवडायची. रोज बोटांनी दोर चाचपणारा तिचा माणूस गावात निष्काळजी म्हणून उरला होता, आणि तिनंच त्याला तसं करून ठेवलं होतं.

म्हातारपणी ती अंथरुणाला खिळली तेव्हा दिरानं तिचं सगळं केलं. तो स्वतःच्या हातानं पेज भरवायचा, आणि ती निमूट खायची. एकदा तोंड पुसता पुसता त्यानं विचारलं, "वहिनी, मनात काही राहिलंय का? असेल तर बोला."

तिनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्याचे केस पिकले होते, आणि हसताना तो हुबेहूब थोरल्यासारखा दिसायचा.

"खिडकी लावा भावजी," ती म्हणाली. "वारा लागतोय."