न विचारता दोन चमचे

मिलिंद गेल्याची बातमी मला गिरीशने दिली, याचा राग अजून गेलेला नाही. पुण्यातल्या कॉलेजपासूनची मैत्री माझी, आणि मिलिंदच्या बायकोने, सुजाताने, पहिला फोन केला तो गिरीशला... मी ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागातून त्यांच्या माउंट रॉस्किलच्या घरी पोचले, तेव्हा तो दारात लोकांच्या चपला बाजूला सारत उभा होता, घरचाच असल्यासारखा.

मिलिंद आणि मी दोघंही इंजिनिअर. ऑकलंडला तो आधी आला, मी २०११ला. मला घर त्यानेच शोधून दिलं. रविवारचा चहा त्यांच्याकडे ठरलेला. चहा मिलिंदच करायचा आणि माझ्या कपात न विचारता दोन चमचे साखर टाकायचा. पुढे त्याच्या टीममध्ये, पुलांच्या डिझाइनमध्ये, जागा निघाली. माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलेलं, व्हिसा त्यावर टांगलेला. मी अर्ज केला. गिरीशनेही केला. गिरीश म्हणजे घटस्फोट झालेला, शुक्रवारी हमखास झिंगलेला. आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमात यानेच मिलिंदला चारचौघांत विचारलं होतं, "तुम्ही बौद्ध लोक फराळापुरते हिंदू का?" मिलिंद तर रोज सकाळी वंदना म्हणणारा, दारूला न शिवणारा. म्हटलं, नोकरी माझ्या खिशात.

मुलाखतीला आलेल्या उमेदवारांना चहा मिलिंद स्वतः करून द्यायचा. त्या दिवशी त्याने किटली चालू केली आणि मला विचारलं, "हाउ मेनी शुगर्स?" मी हसले. तो हसला नाही. आमची मैत्री त्याने पॅनेलला आधीच सांगून टाकली होती. तासभर फक्त कामाचं विचारलं, आणि नोकरी गिरीशला दिली.

बॉटनी मॉलच्या पार्किंगमध्ये मी त्याला गाठलं.

"तो तुझी टर उडवतो, त्याला स्वतःचं घर सांभाळता आलं नाही, आणि तू त्यालाच घेतोस?"

"त्याचं काम तुझ्यापेक्षा चांगलं आहे, शुभा."

"आणि मी कशी आहे ते तुला माहीत नाही?"

तो गाडीला टेकला. "पुण्यात माझ्या पहिल्या मुलाखतीत साहेबांनी आडनाव विचारलं, मग गाव, मग वडील काय करतात... कामाचा प्रश्न आलाच नाही. त्यांना आपला माणूस हवा होता."

"ते वेगळं होतं."

"त्यांनाही ते वेगळंच वाटलं असणार."

मला पटलं नाही. आजही पटत नाही. माणूस घरी कसा वागतो, काय मानतो, ते चपलांसारखं दाराबाहेर काढून ठेवता येतं का? मला तासा-दीड तासावरच्या हॅमिल्टनला नोकरी मिळाली, आणि निम्मं आयुष्य मोटरवेवर गेलं. गिरीशला मात्र मिलिंद रोज मिळाला. दोघं एकत्र डबा खायचे. हळूहळू रविवारच्या चहालाही तो दिसायला लागला, तसं मी जाणं कमी केलं. जळायचे मी, स्पष्टच सांगते.

परवा सुजाताकडे गेले होते. ती नुसतीच बसून होती. चहा करायला गिरीश उठला. कुठला डबा कुठे, सगळं त्याला ठाऊक. त्याने कप माझ्यापुढे ठेवला.

"मला साखर..."

"टाकलीय, दोन चमचे. मिलिंद सांगायचा, शुभाला विचारायचं नसतं."

म्हणजे तिथे ऑफिसात, डबा खाता खाता, माझ्याबद्दल बोलायचा तो... आणि ते ऐकायला मिळालं ते गिरीशला. चहा अगदी मिलिंद करायचा तसा झाला होता. मी तो संपवला, आणि शेवटच्या घोटापर्यंत मला गिरीशचा हेवा वाटत राहिला.