मी फीबल, पन पापडापुरती

मंडळी, मी सांगून राह्यली अन् नात मोबाइलवर लिहून राह्यली. सकाळी तिनंच मले इंग्रजी शब्द शिकवला, "फीबल म्हंजे कमजोर. जशी आपली आजी." मले लय राग आला.

दुपारी सून म्हने, "आत्याबाई, उडदाच्या पापडाचं पीठ कुटू लागा."

"मी फीबल हावो न बाई," म्हनून मी खाटेवर लवंडली. चहाबी आयता भेटला.

मंग सून हळूच म्हने, "उद्या मंगरूळपीरच्या लग्नाले तुमाले कसं न्यावं? यष्टीत फीबल मानसाचे हाल होतात. घरीच आराम करा."

बुंदीची पंगत हातची जाते का काय! मी ताडकन उठली, मुसळ धरलं अन् सारं पीठ कुटून काढलं. सून तोंडाले पदर लावून हसून राह्यली.

खरं सांगा, तुमाले कोनतं काम दिसलं का कमजोरी येते?